वाचकांचे प्रश्न : रस्ता अडवायचा, तर वाहतूक कुठून सोडायची?

जत्रा-कालोत्सवांचा हंगाम तोंडावर आला आहे आणि पावसाळ्यात थांबलेली खोदकामेही याच सुमारास पुन्हा सुरू होतात. त्यामुळे यावेळच्या टपालातील बहुतेक पत्रे रस्ता तात्पुरता बंद करणे किंवा वळवणे याच विषयाची होती. त्यांतील पाच निवडून, थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

आमच्या देवस्थानच्या जत्रेत पालखी मुख्य रस्त्यावरून साधारण एक किलोमीटर जाते. त्यासाठी तीन तास रस्ता बंद ठेवावा लागतो. आजवर पोलिसांकडे एक अर्ज दिला की भागत असे. यंदा मात्र 'वाहतूक आराखडा जोडा' असे सांगण्यात आले आहे. त्यात नेमके काय असावे आणि तयारी केव्हापासून करावी?
— देवस्थान समितीचे सचिव, फोंडा तालुका

समित्यांकडून माझ्याकडे येणाऱ्या आराखड्यांत पालखीचा मार्ग तांबड्या शाईने ठळक काढलेला असतो आणि खाली एक ओळ असते : 'इतर वाहने पर्यायी मार्गाने वळवण्यात येतील.' पालखीचा मार्ग पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे, त्यावर कोणी वाट चुकणार नाही. चुकणार आहे तो मडगावहून बेळगावकडे निघालेला, आपल्या गावी जत्रा आहे हे ठाऊक नसलेला ट्रकचालक. आराखडा त्याच्यासाठी असतो, म्हणून सुरुवात त्या एका ओळीपासून करावी.

पर्यायी रस्ता निवडला की त्यावरून प्रत्यक्ष जाऊन यावे, आणि तेही जी सर्वांत मोठी गाडी तिकडे वळवणार आहात त्या गाडीतून. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. सासष्टीतील एका गावच्या फेस्तासाठी, म्हणजे चर्चच्या उत्सवासाठी, मी सुचवलेला वळणरस्ता मी स्कूटरवरून पाहिला होता आणि मला तो उत्तम वाटला होता. फेस्ताच्या संध्याकाळी पहिलीच बस एका कोपऱ्यावर अडकली. एका बाजूला चिऱ्यांचा गडगा, दुसऱ्या बाजूला वीजखांब. मोठ्या बसला वळायला बाहेरच्या चाकाकडून सुमारे १२ मीटरची त्रिज्या लागते आणि तिथे तेवढी जागा नव्हती. बस मागे घ्यायची तर मागे तोवर तीसेक गाड्या उभ्या होत्या. एका घरमालकाने गडग्याचे वरचे चार थर उतरवू दिले, तेव्हा वाट मोकळी झाली.

रस्ता किती वाहने पेलेल हे त्याच्या सर्वांत अरुंद जागेवरून ठरते. एखादी जुनी मोरी, दक्षिण गोव्यात असाल तर रेल्वेचे फाटक, भर बाजारातली दुतर्फा उभी केलेली वाहने, अशा जागा शोधून नकाशावर दाखवाव्यात आणि प्रत्येक ठिकाणी काय करणार ते लिहावे. वार आणि वेळही पाहावी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून कोणी वाहतूक वळवत नाही, पण शाळा सुटण्याची वेळ मात्र आपण सहज विसरतो.

आता तीन तासांविषयी. एक किलोमीटर जायला पालखीला तीन तास लागतात, याचा अर्थ कोणत्याही एका ठिकाणी ती तीन तास नसते. मार्गावरील दोन तिठे गाठून त्याचे तीन टप्पे केले, तर प्रत्येक टप्पा सव्वा-दीड तासापेक्षा जास्त बंद ठेवण्याची गरज पडत नाही. पालखी पुढच्या टप्प्यात गेली की मागचा उघडायचा. यासाठी प्रत्येक तिठ्यावर एक जबाबदार माणूस आणि त्यांच्यात फोनवर संपर्क एवढेच लागते. रस्ता कधी बंद होणार हे प्रत्येक अर्जात असते. तो कोणी, कोणाला विचारून उघडायचा हे फार थोड्या अर्जांत आढळते.

कायदेशीर बाजू सरळ आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ खाली वाहतुकीवर निर्बंध घालता येतात आणि गोव्यात तसे आदेश जिल्हादंडाधिकारी काढतात. निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर तो राजपत्रात छापणे आवश्यक नसते, परंतु स्थानिक पातळीवर प्रसिद्धी द्यावी लागते. याच कलमात असेही म्हटले आहे की असा निर्बंध घातल्यावर कलम ११६ नुसार योग्य ठिकाणी फलक लावावेत. वृत्तपत्रात आदेश आला आणि रस्त्यावर फलक नाही, तर काम अर्धेच झाले. पंचायत किंवा पालिका, पोलीस ठाणे, वाहतूक पोलीस आणि ज्या खात्याचा रस्ता आहे ते खाते, अशा सर्वांशी बोलून अर्ज करायचा असल्यामुळे मी दोन महिने आधी पाहणी आणि एक महिना आधी अर्ज असा क्रम सुचवीन. आठवडाभर आधी दोन्ही टोकांना तारीख-वेळ लिहिलेले फलक लागले पाहिजेत, कारण रोज जाणारा माणूस ते वाचून त्या दिवशी आपणहूनच दुसऱ्या वाटेने जातो आणि तुमचा भार हलका होतो.

फेरीतील, म्हणजे जत्रेच्या बाजारातील, खाजे-लाडवांच्या आणि खेळण्यांच्या दुकानांची रांग आखताना मधे सुमारे चार मीटर रुंद पट्टा सलग मोकळा ठेवावा. अग्निशामक बंब आणि १०८ ची रुग्णवाहिका त्यातून जाऊ शकते. दुपारी हा पट्टा मोकळा असतो आणि रात्री आठपर्यंत दुकानांच्या फळ्या, ताडपत्रीचे दोर आणि खुर्च्या त्यात शिरतात. म्हणून चुन्याने रेघ मारून भागत नाही, दर तासाला कोणीतरी फिरले पाहिजे.

वाहनतळासाठी खुल्या जागेत एका मोटारीला वळायच्या वाटेसकट सुमारे २३ चौरस मीटर धरतात. पूर्ण मापाचे, १०५ बाय ६८ मीटरचे फुटबॉलचे मैदान मिळाले तर तीनशेच्या आसपास मोटारी मावतील. बहुतेक ठिकाणी जागेपेक्षा फाटकच कमी पडते. स्वयंसेवक फाटकावर पैसे घेऊन, सुटे परत देऊन पावती फाडत असतील तर एका मोटारीला २० सेकंद सहज लागतात. म्हणजे तासाला १८० मोटारी. त्याहून जास्त आल्या की रांग मुख्य रस्त्यावर येते आणि जो रस्ता मोकळा ठेवण्यासाठी वाहनतळ केला तोच रस्ता वाहनतळामुळे तुंबतो. गाडी आत उभी राहिल्यावर पैसे घ्यावेत, किंवा घेऊच नयेत.

पायी येणाऱ्यांचाही हिशेब करावा. ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावला लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. त्यानंतर हा भाग आराखड्यातून वगळण्याला कोणतेही निमित्त उरलेले नाही. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांसाठी वापरतात तो अंदाज असा की सपाट वाटेवर दर मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसे जातात आणि पायऱ्या असतील तर ६६. तुमच्या देवळाच्या आवारातून बाहेर पडण्याची वाट तीन मीटर असेल तर पाच हजार माणसे बाहेर पडायला वीस मिनिटे लागतील, आणि तीही सर्वजण एकाच दिशेने शिस्तीत चालली तर. येणाऱ्यांची आणि जाणाऱ्यांची वाट वेगळी ठेवावी. उतारावर किंवा पायऱ्यांच्या तोंडाशी दुकान लावू देऊ नये.

आमचे स्वयंसेवक चमकणारी जाकिटे घालून रस्त्यावर उभे राहतात. त्यांनी हात दाखवल्यावर वाहनचालकाने थांबणे बंधनकारक आहे का?
— युवक मंडळाचे कार्यकर्ते, डिचोली

नाही. कायद्याच्या कलम ११९ नुसार चालकाने सक्तीचे वाहतूक फलक, विद्युत सिग्नल आणि वाहतुकीचे नियमन करणारा पोलीस यांचे पालन करायचे असते. जाकिटामुळे स्वयंसेवक दिसतो, पण त्याला तो अधिकार मिळत नाही. त्याने वाट दाखवावी, वाहनतळात गाड्या लावून घ्याव्यात, वृद्धांना रस्ता ओलांडून द्यावा. वाहतूक थांबवायची जागा असेल तिथे पोलीस मागून घ्यावा आणि ती जागा अर्जातच लिहावी. चालकाशी हुज्जत घालणारा स्वयंसेवक स्वतः रस्त्याच्या मधोमध उभा असतो, हे त्याच्या घरच्यांना कळले तर ते पुढच्या वर्षी त्याला पाठवणार नाहीत.

आमच्या वाड्यावर जलवाहिनीसाठी महिन्याभरापासून रस्त्याच्या कडेने चर खणून ठेवला आहे. दोन दगड, एक माडाचे चुडत आणि लाल-पांढरी फीत एवढाच इशारा आहे. रात्री दोन दुचाकीस्वार पडले. अशा कामाला काही नियम आहेत की नाहीत?
— एक वाचक, बार्देश

चुडताविषयी मला आदर आहे. खड्ड्यात चुडत रोवणारा शेजारी निदान आपल्यामागून येणाऱ्याचा विचार करतो आणि हिरवे असेपर्यंत ते दिवसा दिसतेही. दोन दिवसांत ते वाळून मातीच्या रंगाचे होते आणि रात्री त्यावर पडलेला उजेड परत येत नाही. फितीचेही तेच. ती कोणतेही चाक अडवत नाही आणि एका पावसानंतर चिखलात लोळत असते.

नियम आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसची कामाच्या जागेवरील वाहतुकीविषयीची मार्गदर्शिका, क्रमांक एसपी ५५, याचसाठी आहे आणि तिची सुधारित आवृत्ती २०१४ ची आहे. तिच्यात कामाच्या जागेचे चार भाग मानले आहेत. आधी पूर्वसूचनेचा, मग वाहनांना बाजूला सरकवण्याचा, नंतर प्रत्यक्ष कामाचा आणि शेवटी पुन्हा मूळ वाटेवर आणण्याचा. आपल्याकडे बहुधा तिसरा भाग तेवढा असतो आणि 'काम चालू आहे' हा फलक खड्ड्याच्या काठावरच उभा असतो. म्हणजे फलक वाचला तेव्हा पुढचे चाक खड्ड्यात.

पूर्वसूचना किती आधी हवी ते वेगावरून ठरते. चालकाला दिसणे, समजणे आणि ब्रेक लावून थांबणे यांसाठी आपल्याकडील रस्त्यांच्या आखणीत ताशी ५० किलोमीटर वेगाला ६० मीटर आणि ताशी ८० ला १२० मीटर अंतर धरतात. खाली केलेल्या दिव्याचा उपयोगी झोत साधारण ४० ते ५० मीटर जातो. म्हणजे रात्री ताशी ५० ने येणारा दुचाकीस्वार जे पाहतो ते थांबण्याच्या अंतराच्या आतच पाहतो. फरक पडतो तो परावर्ती पत्र्याने. तो दिव्याचा उजेड थेट चालकाच्या डोळ्यांकडे परत पाठवतो, म्हणून झोताच्या कडेचा अंधुक प्रकाशही त्याला पुरतो आणि फलक खड्ड्याच्या पुष्कळ आधी दिसतो.

दुसरा भाग, म्हणजे वाहने बाजूला सरकवण्याची तिरकी रेघ, किती लांब असावी याचे अमेरिकेच्या नियमपुस्तिकेतील सूत्र हाताशी ठेवण्यासारखे आहे. ताशी ६० किलोमीटरपर्यंतच्या वेगाला, अडवलेल्या पट्ट्याची रुंदी मीटरमध्ये घ्यावी, तिला वेगाच्या वर्गाने गुणावे आणि १५५ ने भागावे. साडेतीन मीटरचा पट्टा अडवला आणि वेग ५० असेल तर सुमारे ५६ मीटर येतात. दर नऊ मीटरला एक शंकू धरला तर आठ शंकू. वेग ४० वर आणला तर ३६ मीटर आणि पाच शंकू पुरतात. ठेकेदाराचा खर्च आठ शंकूंनी वाढतो असे कोणी म्हणत असेल, तर त्याला एका मोटारपंपाचे दिवसाचे भाडे विचारावे.

याखेरीज चराच्या कडेला पक्के अडथळे हवेत, रात्री लुकलुकणारे पिवळे दिवे हवेत, घरांच्या फाटकांसमोर चरावर लोखंडी पत्रा हवा आणि चालणाऱ्यासाठी किमान ९० सेंटीमीटर तरी सपाट वाट हवी, कारण चाकाच्या खुर्चीला तेवढी लागतेच. खणलेली तांबडी माती डांबरावर पसरू देऊ नये. पहिल्या सरीनंतर तिचा जो राप होतो त्यावर दुचाकी घसरायला खड्ड्याची गरज राहत नाही. पावसाने चर काठोकाठ भरला की तो रस्त्याचाच भाग दिसू लागतो. त्या वेळी दिवे आणि अडथळे दुप्पट करावेत. आपल्याकडे मात्र पाऊस लागला की काम थांबते आणि कामाबरोबर पहारेकरीही घरी जातो.

जबाबदारीविषयी थोडे. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेले कलम १९८अ हे रस्त्याचे आरेखन, बांधकाम किंवा देखभाल करणाऱ्या यंत्रणेला, ठेकेदाराला आणि सल्लागाराला लागू होते. ठरवून दिलेली मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही तरतूद अपघातानंतर कामी येते. आधी काही व्हावे असे वाटत असेल तर संबंधित खात्याच्या विभागीय कार्यालयात लेखी तक्रार द्यावी, तिची प्रत पंचायतीला आणि पोलीस ठाण्याला द्यावी आणि पोच घ्यावी. तक्रारीत 'आमच्या वाड्यावर' असे लिहू नये. जवळच्या वीजखांबावरचा क्रमांक लिहावा, चराची लांबी पावलांनी मोजून लिहावी आणि छायाचित्र रात्री, गाडीच्या दिव्याच्या उजेडात, चालकाच्या जागेवरून काढावे. दिवसा काढलेल्या छायाचित्रात सगळेच नीट दिसते.

दुरुस्तीसाठी रस्त्याची एक बाजू बंद करून आळीपाळीने वाहने सोडतात. पुढचा रस्ता रिकामा दिसत असतानाही आम्हाला मिनिटभर थांबवून ठेवतात. हा वेळ कशासाठी वाया घालवतात?
— खासगी प्रवासी बसचे चालक, सत्तरी

तो रिकामा दिसणारा वेळच तुम्हाला समोरासमोरच्या धडकेपासून वाचवतो. पट्टा २०० मीटर लांब असेल आणि गाड्या ताशी २० ने जात असतील तर शेवटची गाडी बाहेर पडायला ३६ सेकंद लागतात. घाटात भरलेला ट्रक १० च्या वेगाने चढत असेल तर ७२. ती बाहेर पडेपर्यंत दोन्ही बाजू थांबवाव्याच लागतात.

आपली तक्रार मात्र दुसऱ्या अंगाने रास्त आहे. समजा दोन्ही बाजूंना प्रत्येकी ६० सेकंद वाट दिली आणि मधे ४० सेकंद रिकामे ठेवले, तर एक फेरी २०० सेकंदांची झाली. दर दोन सेकंदांना एक वाहन सुटते असे धरले तर एका बाजूने तासाला ५४० वाहने जातात. तेच काम १०० मीटरच्या तुकड्यांत केले तर मधला रिकामा वेळ २० सेकंदांवर येतो आणि तासाला ६७५ जातात. समोरून तासाला ६०० येत असतील, तर पहिल्या पद्धतीत रांग तासाला ६० वाहनांनी वाढत राहते आणि दुसऱ्या पद्धतीत ती दर फेरीत संपते. खणून ठेवायचे ४०० मीटर आणि काम करायचे त्यातल्या वीस मीटरवर, ही सवय त्या रांगेचे खरे कारण असते. अभियंत्याला हे आकडे दाखवावेत, त्याला ते ठाऊकच असतात, फक्त दुसऱ्या कोणाला ठाऊक आहेत हे ठाऊक नसते.

दोन टोके एकमेकांना दिसत नसतील तर बिनतारी संच हवेत, आणि नसतील तर जुनी युक्ती अजून चालते : या बाजूच्या शेवटच्या गाडीच्या चालकाकडे एक लाल काठी द्यायची, ती पलीकडे पोचली की तिकडची वाहने सोडायची. वळणावर मधे तिसरा माणूसही उभा करावा लागतो. निशाणवाला रांगेच्या शेपटाकडेही लक्ष देणारा हवा, कारण वळणानंतर अचानक उभी दिसणारी रांग हीच घाटातली मोठी भीती असते.

आमची पायी दिंडी पहाटे चोर्ला घाटातून जाते. रस्ता बंद करण्याची आमची मागणी नाही. वाहनांबरोबरच सुरक्षित कसे चालावे?
— दिंडीचे चोपदार, साखळी

आपले पत्र वाचून बरे वाटले, कारण रस्ता बंद न करता काम होत असेल तर तोच उत्तम आराखडा. चालती दिंडी ही अभियंत्याच्या भाषेत सरकती कामाची जागा असते. एकटा-दुकटा माणूस रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालतो. मोठा समूह मात्र वाहनासारखा डाव्या कडेने न्यावा, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा ठेवावा, आणि दोघा-तिघांपेक्षा रुंद रांग होऊ देऊ नये. कडेच्या वारकऱ्यांना परावर्ती पट्टे द्यावेत. पांढऱ्या धोतर-सदऱ्याने थोडे साधते, पण धुक्यात तेही मावळते.

खरी मदत मागच्या गाडीची होते आणि ती बहुधा चुकीच्या जागी असते. सामानाचा टेम्पो दिंडीच्या अगदी टाचेला लागून चालतो. त्यामुळे वळण घेऊन येणाऱ्या ट्रकला टेम्पो आणि माणसे एकाच क्षणी दिसतात. पिवळा लुकलुकता दिवा लावलेली ही गाडी सरळ रस्त्यावर १०० मीटर मागे असावी. वळण आले की तिने वळणाच्या अलीकडेच कडेला उभे राहावे, दिंडीचे शेपूट पुढच्या सरळ रस्त्यावर पूर्ण गेल्याचा निरोप आल्यावरच पुढे निघावे आणि पुढच्या वळणाच्या अलीकडे पुन्हा थांबावे. असा निरोप देण्यासाठी शेवटच्या वारकऱ्याजवळ फोन असू द्या. घाटात जिथे फोनला पट्टी मिळत नाही तिथे टॉर्च दोनदा उघडझाप करण्याची खूण आधी ठरवून घ्या आणि ती निघण्यापूर्वी टेम्पोच्या चालकाकडून एकदा करून घ्या.